उंबरठ्यावरची मदत

माणसाच्या आयुष्यात मोठा बदल येतो तेव्हा त्याला आधार द्यावा, हे कोणीही मान्य करील. पण आधाराची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पालघर जिल्ह्यातल्या मसोलीपासून तलासरीपर्यंतच्या या वारली आदिवासींच्या मुलखात त्याचं उत्तर इतिहासातच आहे. लग्नासाठी जमीनदार-सावकाराकडून थोडं कर्ज घेतलं की वारली तरुण त्याचा ‘लग्नगडी’ होई आणि नव्या संसाराचे कष्ट, बायकोसकट, सावकाराच्या दारी जात. मे १९४५ मध्ये झरी गावच्या परिषदेत वारल्यांनी ही वेठ नाकारली. लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत नोंदवली आहे.

कोणी म्हणेल, सावकार नसता तर लग्नंच झाली नसती. मला हे पटत नाही. पैसा नसेल तर जोडप्याने आधी एकत्र राहावं आणि लग्नाचा विधी ऐपत आल्यावर, प्रसंगी मुलं झाल्यावरही, करावा, ही मुभा वारली समाजात होतीच. विधी चालवणारी धवलेरी असे, भिंतीवर चौक लिहिणाऱ्या सुवासिनी असत. म्हणजे समाज सोबत देत होता आणि थांबायला वेळही. कर्जाने नेमका हा वेळच हिरावला. जुन्या रीती सगळ्या चांगल्या होत्या, असा माझा दावा नाही. विधी बाकी असल्याची बोच त्या जोडप्यांना असणारच. म्हणून आजचे सामूहिक विवाह मला मोलाचे वाटतात. फक्त त्यांत मांडवाच्या खर्चाबरोबर विवाहनोंदणीचे कागदही वधूवरांच्या हाती पडायला हवेत, कारण रेशनकार्डापासून वारसाहक्कापर्यंत पुढची कामं त्या कागदांवर अडतात.