विजेबद्दल एकही प्रश्न नाही

२०१८ मधली गोष्ट आहे. मधे इतकी वर्षं गेली, माझं दुकान उभं राहिलं, पण त्या टेबलावर ठेवलेली शिट्टी अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

आमचं गाव खटाव तालुक्यातलं. आमच्याकडे दहावी झाली की पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. मीही पळालो. २००१ ला लष्करात भरती, सिकंदराबादला ट्रेनिंग, ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती शाखेत, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, १७ वर्षं नोकरी आणि हवालदार म्हणून पेन्शनवर घरी. वय ३६. मुलगी सातवीत, मुलगा चौथीत, घरावर अजून पत्रे. सगळ्याच फौजींची गत अशी असते, त्यात नवं काही नाही.

जिल्ह्यातल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियनच्या जागा निघाल्या. मी डिस्चार्ज बुक, ट्रेड टेस्टचे कागद आणि लष्करी ट्रेडला नागरी ट्रेड कोणता समकक्ष धरायचा त्या सरकारी यादीची झेरॉक्स असं सगळं फाइलला लावून गेलो. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आत तिघं बसले होते.

‘‘या मेजर, बसा.’’ गावाकडे शिपाई असो की सुभेदार, सगळे मेजरच. मधल्या साहेबांनी फाइल उघडली. ‘‘आयटीआय कुठून केलंत?’’

‘‘साहेब, ट्रेड आर्मीत झालाय. समकक्ष आहे, हा बघा कागद.’’

‘‘ते तुमच्या आर्मीत असेल.’’ कागद त्यांनी वाचला नाही, फाइल बंद केली. मग उंची विचारली. वजन विचारलं. घेता का, म्हणून विचारलं. दुसऱ्यानं हसत विचारलं, ‘‘कँटीनचं कार्ड आहे ना?’’ मी ‘हो’ म्हणालो. मग मधल्या साहेबांनी ड्रॉवर ओढला, दोरी लावलेली शिट्टी काढून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, ‘‘सिक्युरिटीत जागा आहे. तुमच्यासारखा उंचापुरा माणूस गेटवर शोभून दिसेल. उद्यापासून या.’’

पंधरा मिनिटं मी तिथं होतो. त्यात विजेबद्दल एकही प्रश्न नाही. स्टार्टर कसा जोडतात, एक फेज गेला तर मोटारीचं काय होतं, अर्थिंग कशासाठी, काही नाही. मी रात्रभर उजळणी करून गेलो होतो.

बसस्टँडवर बसलो तेव्हा लेहची एक रात्र आठवत होती. जनरेटरचं इंजिन व्यवस्थित चालू, पण व्होल्टेज शून्य. बाहेरच्या थंडीत उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी चिकटते, आणि हातमोजे घातले तर बारीक स्क्रू धरता येत नाही. त्यामुळे एक हात काखेत ऊब घेणार आणि दुसरा काम करणार, मग बदली. जनरेटर बरेच दिवस बंद राहिला की त्याच्या आत उरलेलं थोडंसं चुंबकत्व कधी कधी निघून जातं, आणि त्याच्याशिवाय वीज तयार व्हायला सुरुवातच होत नाही. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी आणून फील्डच्या दोन तारांना धन-ऋण बघून क्षणभर लावली. मीटरचा काटा थरथरला आणि वर चढत गेला. बंकरमधला दिवा लागला. हे कळणारा माणूस त्या साहेबांना नको होता असं नाही. तो माझ्यात असेल असं त्यांना वाटलंच नाही.

कागदांची तऱ्हा बघा. १५ वर्षं सेवा झालेल्या दहावी पास सैनिकाला लष्कर पदवीच्या बरोबरीचं प्रमाणपत्र देतं. ते गट ‘क’च्या नोकऱ्यांना चालतं, पण जिथं तांत्रिक पात्रता लागते तिथं नाही. म्हणजे कारकून व्हायला मी पदवीधर आणि ज्या कामात आयुष्य गेलं त्यात अडाणी. याचा राग मला आजही आहे.

घरी वडील म्हणाले, ‘‘गार्ड तर गार्ड, पगार तर येतोय.’’ बायको बोलली नाही, पण बँकेतल्या भरतीच्या जाहिरातीचं कात्रण तिनं देवाच्या फोटोमागं जपून ठेवलेलं मी बघितलं होतं. मी हट्टानं वडूजला एका वायंडिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो आणि मला शिकवा म्हणालो. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान होता.

तिथं कळलं की बोअरची पाणबुडी मोटार मला येत नव्हती. तिची तार प्लॅस्टिकच्या आवरणाची असते आणि मोटार पाण्यातच चालते. स्टेटरच्या २४ खाचांतून ती तार हातानं एकेक ओढायची. खाचेची कड लागून आवरणाला केसाएवढी चीर पडली तरी पाणी आत शिरतं. मी एकट्यानं भरलेली पहिली मोटार चौथ्या दिवशी जळून परत आली. साडेतीनशे फुटांवरून पाइप काढायचा, पुन्हा सोडायचा, सगळा खर्च त्या शेतकऱ्याचा, आणि कांदा पाण्याला आलेला. तो मला काही बोलला नाही. ‘‘मेजर, परवापर्यंत होईल ना?’’ एवढंच म्हणाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून भरलेला स्टेटर मी रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो आणि सकाळी आवरण तपासायचा मेगर लावल्याशिवाय दुकानाबाहेर सोडत नाही.

आता वाटतं, त्या साहेबांनी पाणबुडी मोटारीचाच प्रश्न विचारला असता तर मी नापास झालो असतो. चाललं असतं. घरी येऊन तेवढं शिकून पुन्हा गेलो असतो.

गार्डच्या नोकरीबद्दल मी पुष्कळ दिवस तोंडाला येईल ते बोललो. एकदा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून आलेला माझा मित्र समोर होता, बँकेत बंदूक घेऊन उभा राहतो. तो शांतपणे म्हणाला, ‘‘पहारा हाच माझा ट्रेड होता. मला माझ्या ट्रेडचं काम मिळालं. तुला नाही मिळालं, त्यात माझ्या कामाला कशाला नावं ठेवतोस?’’ मला उत्तर देता आलं नाही. त्याच्या मुलीची फी वेळेवर जाते, तो रात्री आठला जेवून झोपतो. मी शेतीची लाइट रात्रीची असली की बारा वाजता फोन उचलतो. त्यानं बरोबर केलं असं मला कित्येकदा वाटतं. तरी ती शिट्टी आठवली की पुन्हा डोकं तापतं.

आता अग्निवीर येतील. चार वर्षं, त्यातले चारात एक कायम, बाकीचे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन पंचविशीच्या आसपास घरी. माझा पुतण्या त्यांतलाच. त्याला मी सांगितलंय, पैसे आल्याबरोबर गाडी घेऊ नको, स्लॅबही टाकू नको. नोकरीत असतानाच ट्रेडचं नागरी प्रमाणपत्र पदरात पाडून घे, आणि सहा महिने एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली फुकट काम कर, वयानं लहान असला तरी. तो मोबाइलवर ‘हो काका’ म्हणतो. किती ऐकतोय कोण जाणे.

परवा त्याच कारखान्याच्या एका ठेकेदारानं साडेसात हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटार दुकानात आणून टाकली. पावती करताना कारखान्याचं नाव लिहिलं आणि हात थांबला. मग मोटार खोलली. एक फेज गेल्यानं जळली होती. नवी तार भरली. आज सकाळी टाकीतून काढून मेगर लावला. रीडिंग चांगलं आहे. संध्याकाळी ते न्यायला येतील.