दुर्बिणीची पारख

नागपूरच्या इतवारीत नजर तयार होते ती जवळचे पाहून. सराफ्यात दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून बसलेला पारखी हिऱ्यातली केसाएवढी रेष हेरतो. किराणा ओळीत धने-जिऱ्याचा भाव ठरतो तो तळहातावरची चिमूट उजेडात धरून. दूरचे पाहण्याचे काम या गल्ल्यांना सहसा पडत नाही; दोन्ही बाजूंच्या माड्यांमधून आभाळच पट्टीएवढे उरते. धान्याचे मोठे व्यवहार कळमन्याच्या बाजारात गेले, तरी सकाळी दुकानांसमोर टिपायला चिमण्या येतात आणि वर घारी घिरट्या घालतात.

अशा घरांतून हिवाळ्यात रामटेकची यात्रा निघते. शांतिनाथ भगवंतांचे दर्शन झाले की जवळच्या खिंडसी तलावावर जावे, असा मुलांचा आग्रह असतो; आणि हल्ली त्याला दुर्बिणीच्या मागणीची जोड मिळते. मग खरेदीला बाहेर पडलेला व्यापारी, जो एरवी पोत्यातला दाणा दाताखाली धरल्याशिवाय सौदा करीत नाही, तो पेटीवरचा सर्वांत मोठा आकडा पाहून पैसे मोजतो.

आकड्यांचा अर्थ सोपा आहे. ८×३२ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर असतो. पट वाढली की पक्षी मोठा दिसतो, पण हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. पाण्यावरचे तलवार बदक उडाले की बारापट दुर्बिणीत ते पुन्हा सापडेपर्यंत ते पलीकडच्या काठाला पोहोचलेले असते. म्हणून हाती धरून पक्षी पाहणाऱ्यांत आठ आणि दहा हेच आकडे रुळले आहेत. पेटीवर ५०×५० छापलेला आणि भिंगांवर लालभडक लेप असलेला माल पाहिला तरी पुरे, घेऊ नये.

कुटुंबाची दुर्बीण एकाची नसते, ती हातोहात फिरते. आणि खरी अडचण तिथेच होते. घरातल्या कर्त्याने स्वतःच्या डोळ्यांना लावून पसंत केलेली दुर्बीण चष्मा लावणाऱ्या आजोबांच्या हाती येते, तेव्हा त्यांना काळ्या कडेत अडकलेला एक लहानसा ठिपका दिसतो. ते दोन क्षण थांबतात, ‘छान दिसले हो’ म्हणतात आणि दुर्बीण पुढे देतात. त्यांना काहीच दिसले नाही, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चष्म्यासकट पाहायचे तर मागच्या भिंगापासून निदान १५ मिलिमीटर दूर डोळा ठेवूनही सगळे दृश्य दिसले पाहिजे आणि भिंगांभोवतीच्या रबरी वाट्या आत वळवता आल्या पाहिजेत. मुलांची तऱ्हा उलटी. पुष्कळ दुर्बिणींच्या दोन नळ्या ५६-५७ मिलिमीटरहून जवळ येत नाहीत. दहा वर्षांच्या मुलीच्या बाहुल्यांमधले अंतर त्याहून कमी असू शकते. तिला मग एकाच डोळ्याने पाहावे लागते. सबब, खरेदीला जाताना आजोबा आणि नात या दोघांना बरोबर नेणे हीच पहिली कसोटी.

पुढची पारख दुकानाच्या पायरीवरच होते. एखाद्या मंदिराच्या शिखरावरचा कळस आभाळाच्या पार्श्वभूमीवर पाहावा. त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी भिंगे चांगली. समोरच्या पाटीवरची अक्षरे दृश्याच्या मध्यभागी आणि मग कडेला आणून वाचावीत. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगातली उजेडाची चकती निरखावी. ती पूर्ण गोल हवी, चौकटीसारखी कापलेली नको. पाच मिनिटे पाहून कपाळ ठणकू लागले तर दोन नळ्या एका रेषेत नाहीत. तो नग परत करावा. जुन्या दुर्बिणींची आवरणे चामड्याची असत. आता अंगावर रबर असते, तरी पट्टा आणि पेटी कशाची आहे हे विचारून घ्यावे.

वजनाचा हिशेब वेगळा. ८×४२ ची दुर्बीण बहुधा ६०० ते ७५० ग्रॅम भरते, ८×३२ ची ५०० च्या आसपास. मोठ्या भिंगातून पाच मिलिमीटरहून थोडी जाड प्रकाशशलाका डोळ्यांपर्यंत येते, लहानातून चार. अंधूक उजेडात हा फरक तरुण डोळ्यांना जाणवतो. वृद्धांच्या बाहुल्या तेवढ्या उघडतच नाहीत, मग ते ओझे त्यांच्या मानेला कशाला? यात्रेला निघालेल्या कुटुंबाला ८×३२ च बरी. नायट्रोजन भरून हवाबंद केलेली मिळाली तर पावसाळ्याच्या दमटपणात आतून बुरशी धरण्याचे भय बरेच कमी होते. नागपूरच्या मे महिन्यात मात्र ती बंद मोटारीत ठेवू नये.

नवेगावबांधच्या जंगलात वनाधिकारी म्हणून वर्षे काढलेल्या मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी मराठीला ‘पक्षीकोश’ दिला. त्याच गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांध्यांतून सारसाची जोडी फिरते. जवळजवळ माणसाएवढा हा पक्षी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पण त्याचे घरटे पाणथळीत जमिनीवरच असते आणि माणूस फार जवळ गेला तर तो अंड्यांवरून उठतो. तिथे दुर्बिणीचा उपयोग दोनशे पावले लांब राहण्यासाठी होतो.

रामटेकला इतवारी स्थानकावरूनही गाडी जाते, परंतु पहाट साधायची तर आदल्या रात्री तिथल्या धर्मशाळेत मुक्काम करावा. चौविहार पाळणाऱ्या घराला संध्याकाळी सूर्यास्ताआधी भोजन उरकायचे असते, म्हणून पक्ष्यांची ती वेळ हातची जाते. सकाळची मात्र पूर्ण मिळते: सूर्योदयापासून नवकारशीपर्यंत ४८ मिनिटे, खायचे-प्यायचे काही नाही, आणि बदके काठाजवळ असतात. आजोबांना आधी पाहू द्यावे.