जिन्याखालचं कपाट

२०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला होता. खानदेशातला एप्रिल कसा असतो, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो आणि रात्रीही भिंतीला हात लावला तर गरम लागते. त्यातच कोळशाची टंचाई झाली आणि महावितरणने पुन्हा भारनियमन सुरू केलं.

अम्मी तेव्हा धुळ्याला आपाकडे होती. कोरोनानंतर तिची फुप्फुसं पूर्ववत झालीच नाहीत. रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागे. मी दोन दिवसांसाठी जळगावहून गेलो होतो.

सहरीच्या वेळी लाइट गेली. इन्व्हर्टर लागला, मशीन घरघरत राहिलं, आम्ही निर्धास्तपणे जेवायला बसलो. दहा मिनिटंही झाली नसतील, इन्व्हर्टर टीं-टीं करू लागला आणि सगळं बंद पडलं. अंधारात फक्त अम्मीचा श्वास ऐकू येत होता. घरात कोरोनाच्या काळातला एक छोटा सिलिंडर होता, पण त्याचा पाना सापडेना. आपा रडत रडत ड्रॉवर उपसत होती, दुल्हेभाई मोबाइलची बॅटरी धरून उभे. पाना शेवटी शिलाई मशीनच्या खणात सापडला. त्या दिवशी आम्ही सहरी अर्धवटच सोडली.

सकाळी मेकॅनिक आला. जिन्याखालचं कपाट उघडलं, बॅटरीवरच्या जुन्या गोधड्या बाजूला केल्या, एक झाकण फिरवून आत टॉर्च मारला आणि अहिराणीत एवढंच म्हणाला, ‘‘भाऊ, हाई तर मरी गयी.’’

बॅटरी तीन वर्षांची. तिच्यात पाणी शेवटचं कधी टाकलं, हे घरात कुणालाच आठवेना. मला वाटे दुल्हेभाई बघतात, त्यांना वाटे दुकानदाराचा माणूस येऊन बघतो. मध्ये एकदा भाच्याने आरओचं पाणी ओतलं होतं, ‘शुद्धच असतं ना’ म्हणून. वजूला जे पाणी चालतं ते बॅटरीला चालत नाही. तिला डिस्टिल्ड वॉटरच लागतं, नाहीतर पाण्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि अॅसिड तर घरी कधीच टाकायचं नाही. उडतं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

आमच्या पिढीला खरं तर हे पाठ असायला हवं होतं. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. भुसावळला जाताना दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या धूर सोडताना दिसायच्या आणि आसपासच्या खेड्यांत निम्मा निम्मा दिवस वीज नसायची. तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर आले. पुढे लाइट नियमित झाली आणि आम्ही ते कपाट बंद केलं. रोज वापरात असताना बॅटरीकडे लक्ष जायचं. नुसती पडून राहिली आणि ती आतल्या आत सुकली.

मेकॅनिकने मला हिशेबही शिकवला. १५० अँपिअर-अवरची, १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. पण हा आकडा सावकाश, वीस तासांत वापरली तर मिळणारा. पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन साधारण ३५० वॉट खातं, म्हणजे नवी बॅटरी असली तरी जेमतेम तीन तास. त्यावर कूलर लावला तर आणखी कमी. आम्ही त्या रात्री कूलरही लावला होता.

उष्णतेचंही तसंच. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. धुळ्याच्या उन्हाळ्यात, बंद कपाटात, वर गोधड्या! बिचारी तीन वर्षं टिकली हेच खूप.

पण माझ्या अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीने. कपाटाच्या कडेला लोबानची राख दिसली, तेव्हा मेकॅनिकने विचारलं, ‘‘इथं काय जाळता?’’ दर जुम्मेरातला अम्मी लोबान लावते आणि धूपदान वारा लागू नये म्हणून जिन्याखाली ठेवते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. बंद जागेत तो हवेत चार टक्के साठला तरी ठिणगीने भडकू शकतो. आणि पलीकडच्याच खोलीत ऑक्सिजनचं मशीन. आम्ही लाइट जाण्याला भीत होतो.

अम्मीला लोबान बंद कर म्हणायची माझी हिंमत नव्हती. आपाने धूपदान गच्चीवर नेलं. अम्मी दोन जुम्मेरात रुसून होती.

नवी बॅटरी व्हरांड्यात, जाळीच्या दाराआड, सावलीत ठेवली. मेकॅनिकने काम करताना आधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढलं, मेन स्विच आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केले. नुसता मेन बंद केला तर तारांमध्ये इन्व्हर्टरची वीज असतेच, कितीतरी जण इथेच फसतात. मग निगेटिव्हची तार आधी सोडली. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, कोरडी करून व्हॅसलिन लावलं. अॅसिड डोळ्यात उडालं तर चोळायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार धरायची आणि थेट डॉक्टर. सडक्या अंड्यासारखा वास आला तर चार्जिंग बंद, खिडक्या उघड्या, आणि मेकॅनिकला फोन.

जुनी बॅटरी भंगारात द्यायला मोहल्ल्यातलाच एक ओळखीचा तयार होता, भावही बरा देत होता. आपल्यात भंगाराच्या धंद्यातले लोक खूप, म्हणून हे लिहायला संकोच वाटतो. पण अंगणात बॅटऱ्या फोडणं, अॅसिड गटारीत सोडणं, शिसं वितळवणं, आणि बाजूलाच मुलं खेळत असणं, हे मी पाहिलेलं आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूत जातं. आम्ही बॅटरी दुकानदारालाच परत दिली. २०२२ च्याच ऑगस्टमध्ये आलेल्या नव्या नियमांनी तर जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवरच टाकली.

सिलिंडरचा पाना आता सिलिंडरलाच सुतळीने बांधलेला आहे. आणि महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला आपा मला बॅटरीचा फोटो पाठवते. सहा झाकणं, सहा फ्लोट. गेल्या वेळी एक खाली दिसत होता. मी लगेच फोन केला.

‘‘दिसलं रे मला,’’ आपा म्हणाली. ‘‘पाण्याची बाटली संपलीय. दुकान नमाजनंतर उघडेल.’’