एकटीचा प्रवास आणि घरचे सहा प्रश्न

प्रवरेच्या कांठच्या संगमनेरास आजही रेल्वे नाहीं. पुणें-नाशिक रस्त्यावरील एस्. टी. हेंच येथील जगाचें दार. अशा गांवांतील एकाद्या मुलीनें पाठीवर पिशवी टाकून प्राग, व्हिएन्ना व बुडापेस्ट हीं तीन शहरें एकटीनें पाहून येण्याचें मनांत आणलें, तर घरांत काय होतें हें वाचकांस सांगावयास नको. आजी देवापाशीं जाऊन बसते, काका वर्तमानपत्रांतील अपघातांच्या बातम्या मोठ्यानें वाचूं लागतात, आणि आई कोणाच्याच बाजूनें बोलत नाहीं. आमच्या आप्तवर्गांतील एका चोवीस वर्षांच्या मुलीनें असा बेत मांडला, तेव्हां सल्ल्यासाठीं तो कागद माझ्याकडे आला. तिला मीं काय सांगितलें तें येथें लिहितों. कारण हा प्रश्न आतां एकाच घरचा राहिलेला नाहीं.

वडीलधाऱ्या मंडळींनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हा प्रकार नवा नव्हे. संगमनेरास तर मुळींच नवा नव्हे. टपालखात्यांतील गोपाळराव विनायक जोशी हे मूळचे संगमनेरचे. त्यांच्या पत्नी आनंदीबाई 7 एप्रिल 1883 रोजीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, आणि 4 जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. निघाल्या तेव्हां त्यांस अठरा वर्षें पुरीं होऊन एक आठवडा झाला होता. बोटीवर मिशनरी स्त्रियांची सोबत होती, परंतु घरचें असें एकही माणूस नव्हतें. निघण्यापूर्वीं 24 फेब्रुवारी रोजीं बंगालमधील श्रीरामपूरच्या कॉलेजांत (आपल्या जिल्ह्यांतील श्रीरामपूर तें निराळें) त्यांनीं भरसभेंत भाषण केलें, आणि लोक जे सहा प्रश्न विचारीत होते त्यांचीं क्रमानें उत्तरें दिलीं. अमेरिकेसच कां जातां? हिंदुस्थानांत शिक्षणाची सोय नाहीं काय? एकट्याच कां? परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय? संकट आलें तर काय कराल? आणि जें कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें?

मीं मुलीस म्हटलें, "बेताचा कागद बाजूस ठेव, आणि या सहा प्रश्नांचीं उत्तरें लिहून आण." प्रवासाची पूर्वतयारी म्हणतात ती याहून निराळी नाहीं.

पहिले दोन प्रश्न एकाच जातीचे : तेथेंच कां, आणि येथें कां नाहीं? आनंदीबाईंचें उत्तर स्वच्छ होतें. त्यांचें मूल अवघ्या दहा दिवसांचें होऊन गेलें होतें. स्त्रियांस स्त्री-डॉक्टर हवी, आणि तें शिक्षण येथें मनाजोगें मिळत नव्हतें. आमच्या मुलीच्या कागदावर प्रथम नऊ शहरें होतीं. प्रत्येकापुढें "कां" लिहावयास सांगतांच तीन उरलीं. त्या तिहींस मीं माझीं कारणें जोडलीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकविणारे संस्कृत पंडित ब्यूलर पुढें 1881 पासून व्हिएन्नाच्या विद्यापीठांत प्राध्यापक होते. त्यांचे शिष्य विंटरनित्झ यांनीं प्राग येथें अध्यापन केलें, आणि महाभारताची संशोधित आवृत्ति निघावी यासाठीं फार आधींपासून आग्रह धरला. तें कार्य पुढें पुण्याच्या भांडारकर संस्थेनें तडीस नेलें. आणि हंगेरियन पंडित चोमा यानें तर 1819 सालीं एकट्यानेंच घर सोडून पुढें लदाख गांठलें, तिबेटी भाषेचा कोश रचला, व 1842 सालीं दार्जिलिंग येथें देह ठेविला. तिकडचा मनुष्य इकडे एकटा येऊं शकला, मग इकडच्या मुलीनें तिकडे जाण्यांत विपरीत तें काय?

शहरें ठरल्यावर क्रम ठरवावा. प्रागेस उतरून बुडापेस्टहून परतलें म्हणजे एकच वाट दोनदां तुडवावी लागत नाहीं. प्राग ते व्हिएन्ना आगगाडीनें सुमारें चार तास, आणि तेथून बुडापेस्ट तीन तासांच्या आंत. अठरा दिवसांत प्रत्येक शहरीं सहा दिवस मिळतात. धांवपळीचें कारण उरत नाहीं.

तिसरा प्रश्न, एकटीच कां? आनंदीबाईंनीं सांगितलें कीं, पतीच्या आधारावर घरचीं वृद्ध व लहान माणसें आहेत, त्यांस टाकून त्यांना येतां येत नाहीं. आमच्या मुलीनें लिहिलें, "अठरा दिवस सवड असलेलें माणूस घरांत नाहीं, आणि असतें तरी कोठें थांबावें व कोठें वळावें हें एकदां माझें मला ठरवून पाहावयाचें आहे." या उत्तरांत मला उद्धटपणा दिसला नाहीं. मात्र वाटेवर एकटें असणें निराळें आणि निराधार असणें निराळें. अमेरिकेतील कार्पेंटरबाईंशीं आनंदीबाईंचा पत्रव्यवहार 1880 पासून चालू होता. न्यूयॉर्कास उतरतांना त्यांच्यासाठीं एक उंबरठा ठरलेला होता. तोच नियम आज पाळावा. प्रत्येक शहरांतील मुक्कामाचा पत्ता आधीं ठरवून माजघराच्या भिंतीवर लावावा. नव्या शहरीं दिवसाउजेडीं पोहोंचावें. घरीं बोलण्याची वेळ एकच असावी : उन्हाळ्यांत आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां तिकडे सायंकाळचे साडेपांच असतात.

पांचवा प्रश्न संकटाचा. येथें धैर्यापेक्षां कागदपत्रें अधिक उपयोगीं पडतात. गोपाळराव ज्या खात्यांत नोकरीस होते, त्याच खात्याच्या नगर (आतांचें अहिल्यानगर) येथील कचेरींत आतां पासपोर्टचें काम होतें. युरोपांतील 29 देशांस मिळून शेंगेन नांवाचा एकच व्हिसा चालतो. जेथें मुक्काम अधिक, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस सारखे असल्यास जेथें प्रथम पाऊल पडेल त्याकडे. अर्ज सहा महिन्यांहून आधीं घेत नाहींत, आणि निदान पंधरा दिवस आधीं तरी द्यावा लागतो. शहाण्यानें तीन महिने हातीं ठेवावे. निदान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची तीन महिने तरी मुदत शिल्लक असावी. या तिन्ही राजधान्यांत आपल्या सरकारचा वकिलात आहे. त्यांचे पत्ते व युरोपीय संघांत सर्वत्र चालणारा 112 हा क्रमांक तिनें पाठ करावा. व्हिएन्नास युरो, प्रागेस कोरुना व बुडापेस्टास फोरिंट चालतो. पैसा एकाच ठिकाणीं ठेवूं नये.

राहिले चौथा आणि सहावा. जातीबाहेर टाकण्याचें भय आतां गेलें, त्याच्या जागीं "स्थळें कशीं येतील?" हें भय येऊन बसलें आहे. आनंदीबाईंनीं सभेस सांगितलें कीं, मी हिंदु म्हणून जातें व हिंदु म्हणूनच राहीन. आमच्या मुलीनें लिहिलें, "माझ्या प्रवासानें बिथरणारें स्थळ प्रवासाआधींच कळलें तर बरें." आजी हंसल्या, आणि तो प्रश्न तेथेंच मिटला.

परंतु काकांनीं शेवटचा बाण सोडला : "त्या आनंदीबाईंचें पुढें काय झालें?" हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. 11 मार्च 1886 रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन, क्षयानें खंगलेल्या त्या परत आल्या, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास वारल्या. वय बावीसही नव्हतें. मात्र त्यांचें मूल गेलें तें परदेशीं नव्हे, स्वतःच्या घरीं, आप्तांच्या गराड्यांत गेलें; आणि त्या स्वतः गेल्या त्याही स्वदेशींच. घराच्या भिंती प्रत्येक संकट अडवितात असें नाहीं. या कथेवरून घ्यावयाचा धडा इतकाच, कीं प्रकृतीची हेळसांड मात्र होऊं देऊं नये. तेव्हां घरानें अडून बसावयाचें असेल तर येथें बसावें : ऊबदार कपडे, पायांत मळलेले जोडे, आणि पोटभर अन्न. मेतकूट व भाजणी खुशाल द्यावी. परंतु दूध-दुभत्याचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघांत नेऊं देत नाहींत, म्हणून तुपाचा डबा व पेढे घरींच ठेवावे. पुष्कळ विमान-कंपन्या जवळच्या पिशवीस सात किलोंची मर्यादा घालतात. आयांनीं मायेचें वजन त्यांतच बसवावें.

मुलगी येत्या मे महिन्यांत निघत आहे. सहा उत्तरांचा कागद काकांनींच जपून ठेविला आहे, कारण तिच्या मागची बहीण आतांपासून नकाशे पाहूं लागली आहे. मुलांनीं विचारल्याशिवाय जाऊं नये हें खरें. परंतु उत्तरें समाधानकारक मिळाल्यावर घरानेंही पुन्हा तेच प्रश्न विचारीत बसूं नये. मग पाठीवरची पिशवी उचलावयास हात लावावा, आणि वेळेवर एस्. टी.त बसवून द्यावें.