घाणेरीशी झटापट

पहाटेच्या पावसाने माती मऊ झाली, म्हणून आज टिकाव घेऊन परसातल्या घाणेरीला हात घातला. नुसतं कोयत्याने छाटलं की ती बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. छाटणाऱ्या गड्यांना दरवर्षी काम मिळतं ते त्यामुळेच, असा माझा जरा दुष्ट संशय आहे. खरी मेख जमिनीखाली दोन-तीन बोटांवर, खोड संपून मूळ सुरू होतं तिथे. त्याच्या खालून मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा माती धरत नाही. हातमोजे घालूनही दंड ओरबाडलेच. अंगाला तो उग्र वास वेगळाच.

ही मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी शोभेसाठी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आणली. शोभा आहेच, फुलपाखरं तुटून पडतात. पण काळी फळं बुलबुल खातात आणि बिया वाटेल तिथे पेरतात. पानं गुरांना विषारी, म्हणजे चरून संपायचीही आशा नाही.

कुंपणालगतची जुनी खोडं मनगटाएवढी जाड झालीत, त्यांना पहार लागेल. मोकळ्या जागेत लगेच करवंद लावायला हवं. नाहीतर ऊन मिळालं की मातीतल्या घाणेरीच्या बिया उगवणारच.