शंभर यार्डांवरची साक्ष

चैत्री यात्रेत सोनारीच्या काळभैरवनाथाचा रथ हलतो, त्या वेळी गर्दीत न शिरता दूर शेताच्या बांधावर उभे राहून ज्याने ‘चांगभलं’चा गजर ऐकला आहे, त्यास शब्द कळत नाहीत, कोणाचा गळा सुरेल आणि कोणाचा बसलेला हेही उमगत नाही, परंतु रथ चालला की अडला, एवढे मात्र त्या गजराच्या चढउतारावरून तो बिनचूक सांगू शकतो.

29 जून 1888 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅन्डेलच्या ‘इस्रायल इन इजिप्त’ या ओरातोरिओचे जे ध्वनिमुद्रण एडिसनचे मुखत्यार कर्नल गूरो यांनी मेणाच्या नळकांड्यांवर करून घेतले, ते परवा रात्री ओसरीवर बसून ऐकताना मला तो बांध आठवला. ओरातोरिओ म्हणजे वेशभूषा आणि अभिनय वर्ज्य करून निव्वळ गायनाने सांगितलेली धर्मकथा. (आमचे कीर्तनकार निदान हातवारे तरी करतात!) गायक सुमारे चार हजार, संचालक ऑगस्ट मान्स, आणि यंत्र ठेवलेले शंभरएक यार्डांवर, वृत्तपत्रकारांच्या सज्जात. कानी येते ती प्रथम केवळ खरखर. मग तिच्या तळाशी काही विशाल असे चढते, ओसरते आणि पुन्हा चढते.

पहिल्याच श्रवणी मी निकाल देऊन मोकळा झालो होतो : चाल रेंगाळलेली, वाणी अस्पष्ट, फिर्याद शाबीत. परंतु वाणीचा दोष गायकांच्या माथी मारावा, तर सज्जातल्या त्या कर्ण्याची जागा कोणी पाहावयाची? आणि चालीविषयी म्हणावे, तर 1754 साली लंडनच्या अनाथालयात हॅन्डेलचा ‘मसाया’ झाला त्याच्या हिशेबात वृंदगायक वीसच्या आतबाहेर आढळतात. येथे लोखंड-काचेच्या अवाढव्य मंडपात चार हजार. रथ जसा दोराच्या टोकाशी असलेल्या शेवटच्या माणसाच्या पावलाने चालतो, तसा एवढा वृंदही मागच्या ओळीच्या कानानेच चालावयाचा.

शिवाय, चाल रेंगाळलेली हे तरी मी कशाच्या आधारे म्हणालो? नळकांडे जितक्या वेगाने फिरवावे तितके गाणे धावते, आणि वेगाबरोबर स्वरही चढतो. म्हणून मूळ पट्टी ठाऊक असल्यावाचून मूळ लय ठरत नाही. हॅन्डेलचा म्हणून जो नादकाटा जतन झाला आहे त्याची कंपने सेकंदास सुमारे 422, तर व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत लंडनच्या वाद्यवृंदांनी तोच स्वर 450 च्या वर नेऊन ठेवलेला. पहिला दाखला धरून नळकांडे फिरवावे तर तो वृंद अधिकच थकलेला भासेल. दुसरा धरावा तर दम राखून चालणारा. मला दुसरा मान्य आहे, कारण गायकांचा षड्ज त्यांच्या काळचा असणार, हॅन्डेलच्या काळचा नव्हे. तरीही माझा निकाल मी रद्द केलेला नाही, तूर्त तहकूब ठेवला आहे.

पहाटे देवळाकडची माकडे आमच्या पत्र्यावर उतरली, तेव्हा त्या दणदणाटात शेवटचा घोष ऐकू आला नाही, म्हणून तेवढा भाग पुन्हा लावला.