प्लॅन बी ठेवा, असं मी आता म्हणतो

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात मी राज्यघटना शिकवतो. पण माझं नाव झालं ते कलम ३२ किंवा ३६८ समजावण्यामुळे नाही, तर पहिल्या तासाच्या भाषणामुळे. 'प्लॅन बी ज्याच्या खिशात, त्याचं पद दुसऱ्याच्या खिशात' हे माझं वाक्य सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये पोरांनी टेबलासमोर चिकटवलेलं मी पाहिलंय. टाळ्या हमखास. ते भाषण मी आता देत नाही. 'सर थकले' असा काहींनी त्याचा अर्थ काढला, म्हणून कारण लिहून टाकतो.

आधी जुन्या मताची बाजू. ती अगदीच हवेतली नव्हती. २०१६ साली जिहे शिन आणि कॅथरिन मिल्कमन या संशोधक बाईंनी अमेरिकेत काही लोकांना विस्कटलेली वाक्यं जुळवायला दिली. काम चांगलं झालं तर खाऊ फुकट. त्यातल्या काहींना आधीच विचार करायला लावलं, की इथे खाऊ मिळाला नाही तर तो दुसरीकडून कसा मिळवाल? या मंडळींचं काम इतरांपेक्षा कमी भरलं. पर्याय डोक्यात शिरला की मूळ गोष्टीची ओढच ओसरते, असं त्यांना दिसलं. मी वर्गात तेच सांगत होतो. फक्त तो खेळ काही मिनिटांचा होता आणि पणाला लागला होता खाऊ. आमची पोरं पदवीपासून तिशी उलटेपर्यंतची वर्षं लावतात.

यूपीएससीला निदान कुंपण आहे: खुल्या गटाला ६ प्रयत्न, ३२ वय. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. जागा काहीशे, अर्ज लाखांत. बास म्हणणारं कुणी नाही. क्लासवाले म्हणणार नाहीत, त्यांची फी थांबते. घरचे म्हणणार नाहीत, कारण गावात सांगून झालेलं असतं.

माझा एक विद्यार्थी होता, परभणीकडचा, बीएस्सी अ‍ॅग्री. हुशारीबद्दल शंका नव्हती. मुलाखतीपर्यंत जाऊन आला होता. लक्ष्मीकांतच्या राज्यघटनेवरच्या पुस्तकाची पानं त्यानं चार रंगांच्या हायलायटरनं इतकी रंगवली होती की कोरी राहिलेली ओळच उठून दिसायची. त्याला एकदा विचारलं, "अजून आवडतं का रे हे?" तो म्हणाला, "सर, आवडायचं सोडा. एवढी वर्षं घातली, आता कसं सोडू?"

या 'आता कसं सोडू'वर हॅल आर्केस आणि कॅथरिन ब्लूमर यांचा १९८५चा एक झकास प्रयोग आहे. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाचं तिकीट १५ डॉलरला मिळायचं. तिकीट काढायला आलेल्यांपैकी काहींना न मागता सवलत दिली, काहींकडून पूर्ण पैसे घेतले. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात नाटकांना जास्त वेळा कोण आलं? पूर्ण पैसे मोजलेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. आवडीनं येणं वेगळं आणि पैसे गेलेत म्हणून येणं वेगळं, पण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना मी 'जिद्दी' म्हणायचो. त्यांच्यातले किती जण आवडीनं बसलेत आणि किती जण आता उठता येत नाही म्हणून, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मला खरं हलवलं ते मॉन्ट्रियलच्या कार्स्टन व्रॉश यांच्या कामानं. ध्येय आवाक्याबाहेर गेलं की माणसं काय करतात, हा त्यांचा विषय. २००३च्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थी होते, प्रौढ होते, आणि ज्यांच्या मुलांना कॅन्सर झालाय असे आईबापही होते. अशक्य झालेल्या ध्येयातून हात काढून घेणं ज्यांना जमत होतं, त्यांची मनःस्थिती बरी होती. त्या आईबापांतही अशांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी होती. पुढे ग्रेगरी मिलर आणि व्रॉश यांनी किशोरवयीन मुलींचं रक्त वर्षभर तपासलं. ज्यांना सोडणं जमत नव्हतं त्यांच्यात सीआरपी, म्हणजे शरीरात दाह किती आहे हे सांगणारं प्रथिन, वाढत गेलेलं दिसलं. मी सोडण्याला पळपुटेपणा समजत होतो. इथे ते पोहण्यासारखं एक कसब निघालं. कुणाला येतं, कुणाला येत नाही.

एक खोच आहे. व्रॉश दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: जुनं सोडता येणं आणि नवं धरता येणं. नुसतं सोडून पोकळी उरली तर उपयोग नाही. आणि आधीच नैराश्याच्या काठावर असलेल्यांमध्ये सोडण्याचा फायदा दिसत नाही, उलटंच चित्र दिसतं, असं २०२०च्या एका एकत्रित आढाव्यात आलंय. म्हणून 'सोड रे' हा सल्ला मी सरसकट देत नाही. एरिक क्लिंगर यांनी १९७५ मध्येच लिहिलं होतं, की ध्येय हातचं जाताना माणूस आधी दुप्पट जोर लावतो, मग चिडतो, मग खचतो आणि त्यानंतर सावरतो. हे वाचल्यापासून निकालानंतर वर्गात येऊन विनाकारण भांडणाऱ्या पोरांवर मी चिडत नाही.

गंमत म्हणजे हे सगळं आम्ही शिकवतोच, फक्त पेपरपुरतं. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २ तास, चुकलं की त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. अडलेल्या प्रश्नावर बसू नका, पुढे जा, हे मी घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. गेल लुकास आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लोकांना अक्षरं जुळवून शब्द करायला दिले. त्यात काही कोडी न सुटणारीच होती. जे जास्त चिवट, ते अडलेल्या कोड्यांवर रेंगाळले आणि एकूण कमी कोडी त्यांच्या हातून झाली. प्रश्न सोडणाऱ्याला आम्ही शहाणा म्हणतो आणि परीक्षा सोडणाऱ्याला पळपुटा.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे मला आजही पटतं. पण दगड कुठला आणि घाव किती, हे ठरवण्याचा हक्क दगडालाच हवा. म्हणून आता पहिल्या तासाला मी भाषणाऐवजी एक कागद देतो. परीक्षा नाही झाली तर काय कराल, ते नाव-पत्त्यासकट लिहा: कुठला कोर्स, कुठली नोकरी, कुणाला भेटणार. आणि कधी थांबणार, ती तारीखही आजच, डोकं थंड असताना लिहा. तो कागद पाकिटात बंद करून ठेवायचा. रोज काढून बघायचा नाही, कारण शिन आणि मिल्कमनचा खाऊ मी विसरलेलो नाही. माझ्या सहकाऱ्यांना हे आवडलेलं नाही. बॅच कमी भरतील, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खरंही असेल.

गावाकडच्या पालकांना मात्र एक विनंती. दिवाळीला पोरगं किंवा पोरगी घरी आली की 'निकाल कधी?' हे विचारण्याआधी 'अजून करायचंय का तुला?' हे विचारा. आणि उत्तर 'नाही' आलं, तर लगेच शेजारच्यांच्या मुलाचं नाव काढू नका.